नवा ससा रुळत नाहीये? आधी लेंड्या बघा

"ससा आणून आठवडा झाला. नुसता कोपऱ्यात अंग चोरून बसतो, जवळ गेलं की पळतो, कुठेही मुततो, हात लावला तर पाय आपटतो. काय करू?" साधारण याच शब्दांत हा प्रश्न बाराही महिने येत असतो. मेच्या सुट्टीत आणि मुलांच्या वाढदिवसांच्या आसपास जरा जास्तच. ससा दुकानातून आणलेला असो, कुणी शहर सोडताना देऊन टाकलेला असो, की प्राणिमित्रांकडून दत्तक घेतलेला असो, तक्रार तीच.

उत्तर द्यायच्या आधी मी उलट विचारते: लेंड्या कशा आहेत?

समोरचा माणूस जरा गडबडतो. त्याला सशाच्या स्वभावाबद्दल बोलायचं असतं आणि मी भलत्याच विषयावर घसरलेली असते. पण ससा घरात रुळतोय की नाही, हे तो मांडीवर येतो का यावरून कळत नाही. भेदरलेला ससा खाणं सोडतो. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आतडं पार थांबलं तर ससा दगावतो, आणि हे सगळं एका रात्रीत होऊ शकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याचं गवत किती संपलं आणि त्याच्या हगण्या-मुतण्याच्या टबात लेंड्या किती पडल्या, एवढंच मोजायचं. लाड पळून जात नाहीत.

लेंड्या वाचायच्या कशा

चांगली लेंडी साधारण हरभऱ्याएवढी, गोल, पिवळसर तपकिरी आणि कोरडी असते. दोन बोटांत चुरगळा (हो, चुरगळाच, नंतर हात धुता येतात). आतून गवताचा भुसा निघाला पाहिजे. वास जवळजवळ नसतो. मोठा ससा दिवसाला अशा दोनशे-तीनशे सहज टाकतो, त्यामुळे सकाळी टब बघून "अरे बापरे" वाटलं तर आनंद माना.

प्रवासाच्या दिवशी लेंड्या कमी आणि बारीक येतात, ते चालायचंच. दुसऱ्या दिवसापासून मात्र आकार आणि संख्या वाढायला हवी. बारीक, काळ्या, टणक, वेड्यावाकड्या येत राहिल्या तर पोटात गवत कमी जातंय किंवा पाणी कमी पडतंय. केसांत ओवल्यासारख्या एकमेकींना जोडून आल्या तर केस गळतायत आणि अंग चाटताना ते पोटात जातायत. रोज विंचरा आणि गवत वाढवा.

कधी कधी ओला, चकचकीत, वास मारणारा, द्राक्षांच्या इवल्या घोसासारखा पुंजका दिसतो. हे जुलाब नव्हेत. ससा हा ऐवज दिवसातून एक-दोनदा, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे, थेट शेपटीखालून तोंडात घेऊन खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. तेव्हा "शी, स्वतःचीच घाण खातो" म्हणून त्याला रागावू नका, खाऊ द्या. रोजच असे पुंजके न खाता पडलेले दिसायला लागले, तर दुकानातला तयार दाणा (पेलेट), फळं किंवा पोळीचे तुकडे जास्त होतायत असं समजा. खरे पाण्यासारखे जुलाब, त्यातही लहान पिल्लाला, ही मात्र तातडीची गोष्ट आहे.

आता महत्त्वाचं. दहा-बारा तासांत सशाने काहीच खाल्लं नाही आणि एकही लेंडी पडली नाही, तर "नवीन आहे, बुजलाय, उद्या खाईल" असं म्हणत बसू नका. नाकाजवळ कोथिंबिरीची काडी धरा. रुसलेला ससा थोडा वेळ घेतो, पण काडी ओढतोच. ज्याच्या पोटात दुखतंय तो तोंड फिरवतो, पाठ बाक देऊन किंवा पोट फरशीला दाबून बसतो, करकर दात खातो, कान गार लागतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं वरून बाहेर येणार नाही. त्याला कोमट कपड्यात गुंडाळा आणि डॉक्टर गाठा, रात्र असली तरी. पोट फुगून टम्म झालं असेल तर जबरदस्तीने काही भरवू नका.

यासाठी डॉक्टर आधीच शोधून ठेवावा लागतो. बरेच पशुवैद्य कुत्र्या-मांजरांतच मुरलेले असतात, म्हणून ससा घरी यायच्या आधी फोन करून "तुम्ही ससे बघता का, त्यांची नसबंदी करता का" हे सरळ विचारा. शहरात कुणीच नाही सापडलं तर माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत: मुंबईत परळला, साताऱ्याकडे शिरवळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला. आणि शस्त्रक्रियेआधी "रात्रभर उपाशी ठेवा" असं सांगणारा डॉक्टर सशांना सरावलेला नाही, हे ओळखा. जो प्राणी उलटी करू शकत नाही, त्याला उपाशी ठेवण्यात फायदा काहीच नाही आणि आतडं थांबायचा धोका मात्र आहे.

घरातली औषधंही तशीच. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं फिप्रोनिल सशाच्या मानेवर सोडू नका, त्याने ससे मरतात. अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविकं तोंडातून दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससाच जायची वेळ येते. दुकानातून आलेल्या सशांच्या कानांच्या कडांवर, नाकावर, पंजांवर खरजेच्या पांढुरक्या खपल्या सर्रास दिसतात. त्यावर तेल, हळद लावत बसण्यापेक्षा डॉक्टरकडे न्या. आणि अंग सारखं खाजत असलेला ससा लपून बसतो तो लाजाळूपणाने नव्हे.

"पहिले दोन दिवस किती शांत होता, आता बिघडला"

ही तक्रार ऐकली की मला उलट बरं वाटतं.

दुकानातला ससा हातात घेतला की गप्प पडून राहतो. घरी आणल्यावरही एक-दोन दिवस मुलं त्याला इकडून तिकडे नेतात, तो हूं की चूं करत नाही. सगळे म्हणतात, काय गरीब आहे! तो गरीब नसतो, गोठलेला असतो. ज्याला सगळेच खायला टपलेले असतात असा हा प्राणी. पळायला जागा नसली की तो निपचित पडतो. उताणं करून पोट चोळल्यावर जो "झोपतो", तोही याच भीतीने. असले व्हिडिओ बघून आपल्या सशावर प्रयोग करू नका.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी घराचा थोडा अंदाज आला की तो पळायला लागतो, पाय आपटतो, हात झटकतो. माणसांना वाटतं बिघडला. खरं तर आता कुठे त्याला "नको" म्हणायची हिंमत आली. त्या नकाराला मान दिलात तर पुढचं सगळं सोपं जातं. नाही दिलात तर तो पुन्हा गोठेल किंवा चावायला शिकेल.

"खोक्यातून बाहेरच येत नाही"

आधी त्याला लपायची जागा काढून घेऊ नका. "खोकं काढलं म्हणजे बाहेर येईल" हा उपाय लोक फार आत्मविश्वासाने करतात आणि ससा मग पलंगाखाली किंवा फ्रिजच्या मागे जातो, जिथे वायरीही असतात. पुठ्ठ्याचं खोकं हवंच, आणि त्याला दोन दारं कापा. एकाच दाराच्या बिळात ससा निर्धास्त होत नाही, कारण दारात कुणी आलं तर तो अडकला.

दुसरं म्हणजे जागा लहान करा. पहिल्या दिवशीच सगळा फ्लॅट मोकळा सोडणं ही दयाळूपणाने केलेली छळवणूक आहे. हॉलच्या एका कोपऱ्यात, जिथून माणसं दिसतील पण कुणी ओलांडून जाणार नाही अशा ठिकाणी, जाळीच्या पट्ट्या लावून दीड-दोन मीटरचा आडोसा करा. त्यात खोकं, टब, गवत आणि पाण्याचं जड वाडगं. नळीच्या बाटलीपेक्षा वाडग्यातून ससा जास्त पाणी पितो. आधीच्या घरचं एखादं फडकं, थोडं जुनं गवत मिळालं तर न धुता तसंच ठेवा, ओळखीच्या वासाने धीर येतो. आठवडाभर खाणंही जुनंच चालू ठेवा, ते वाईट असलं तरी. बदल हळूहळू.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही: फरशी. ओळखीच्या एका घरात ससा महिनाभर एका पायपुसण्यावरच बसून होता. खाणं उत्तम, लेंड्या उत्तम, कोथिंबीर दिसली की कान टवकारायचा, मान लांब करायचा, पुढचे पाय पायपुसण्याच्या कडेपर्यंत आणायचा आणि तिथून परत फिरायचा. सगळ्यांनी ठरवलं, हा भित्रा आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या, आरशासारख्या गुळगुळीत. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते दाट केस असतात. चकचकीत फरशीवर त्याचे पाय फाकतात आणि एकदा घसरला की पुन्हा तिकडे जात नाही. पायपुसण्यापासून सोफ्यापर्यंत जुनी सतरंजी अंथरली, आणि त्याच संध्याकाळी साहेब सोफ्याखाली जाऊन आले. नंतर सतरंजी जिथपर्यंत, तिथपर्यंत त्याचं राज्य. सुती सतरंजी किंवा तागाचं पोतं चालतं. रबराच्या आणि सिंथेटिक धाग्यांच्या चटया कुरतडून पोटात जातात, त्या नकोत. आणि तारेच्या तळाचा पिंजरा तर कधीच नको, त्याने तळव्यांना जखमा होतात.

मग आवाज. कुकरची शिट्टी आणि मिक्सर याची सवय होते, पण आडोसा स्वयंपाकघराच्या दाराशी नसावा. गणपतीत ढोल-ताशांची मिरवणूक आणि दिवाळीत फटाके ज्या बाजूने ऐकू येतात, त्या बाजूच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि ससा घराच्या आतल्या खोलीत. नवा ससा आणायचा तर मी दिवाळीच्या तोंडावर आणू देत नाही. गॅलरीत ठेवणार असाल तर वर बघा: घारी, कावळे, कठड्यावरून येणारा शेजारचा बोका. यातलं एक जरी त्याला रोज दिसत असेल, तर तो खोक्यातच बसणार, आणि त्याचं बरोबरच आहे.

जवळ कसं जायचं

जायचंच नाही. तुम्ही आडोशाच्या आत फरशीवर बसा, त्याच्याकडे तोंड न करता, आणि आपलं काहीतरी करा. वाचा, भाजी निवडा. मेथी निवडायला घेतली तर उत्तमच, कारण काड्या आपोआप त्याच्या बाजूला पडतात. ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो, दुपारी झोपतो, म्हणून दुपारी त्याला उठवून "खेळ ना" म्हणू नका. तो येईल, तुमचा पाय हुंगेल, पँट ओढेल, पळेल, परत येईल. या वेळी हात लावायचा मोह आवरा.

हात लावायची वेळ आली की तो नाकासमोर धरू नका. कुत्र्याला आपण हात हुंगायला देतो, सशाला ते चालत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागचं, वरचं सगळं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढ्यात असलेलं दिसत नाही. त्या आंधळ्या पट्ट्यात अचानक काहीतरी आलं की तो पंजा मारतो किंवा चावतो. हात बाजूने, खालून, त्याला दिसेल असा न्या आणि कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये ठेवा. वरून झडप घातल्यासारखा हात म्हणजे त्याच्या लेखी घारच.

पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशांना नजर आणखी कमी असते आणि लख्ख उजेड सोसत नाही. असा ससा एका जागी उभा राहून डोकं सावकाश डावी-उजवीकडे हलवत असेल तर तो आजारी नाही, अंतराचा अंदाज घेतोय. डोकं एकाच बाजूला कललेलं राहत असेल, तोल जात असेल, तर तो वेगळा मामला. कानाचा किंवा मेंदूचा आजार असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर.

उचलणं शक्यतो टाळाच. सशाची हाडं अंगाच्या मानाने फार हलकी आणि मागचे पाय फार ताकदवान. हातात तडफडून लाथ मारली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. हे घाबरवायला सांगत नाही, असे ससे पुढे कायमचे मागचे पाय ओढत जगतात किंवा जगतच नाहीत. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंग आपल्या छातीशी दाबून. कान धरून कधीच नाही. मुलांना नियम एकच: फरशीवर बसलेल्या मुलालाच ससा भेटेल, उभ्या मुलाला नाही. आणि आंघोळ नको. ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. ओला झालेला ससा गारठून धक्क्यानेच जाऊ शकतो.

"टब ठेवलाय तरी बाहेरच करतो"

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात. कोरड्या लेंड्या विखुरलेल्या असतील तर तो जागेवर आपलं नाव लिहितोय. नवीन घरात सगळेच ससे हे करतात, टब वापरायला शिकलेलेसुद्धा, आणि काही आठवड्यांत ते कमी होतं. हनुवटी घासत फिरतो तेही त्याचसाठी, तिथे वासाच्या ग्रंथी असतात. झाडूने गोळा करा, टबात टाका, विषय संपला. मूत बाहेर होत असेल तर मात्र टबाचं काहीतरी बघायला हवं.

टब मोठा हवा, ससा त्यात आडवा पसरेल एवढा, आणि एक कड बुटकी. दुकानात मिळणारे कोपऱ्यात बसणारे तिकोनी टब फार लहान असतात. भाजीवाल्याकडे असतो तसा प्लास्टिकचा पसरट ट्रे किंवा बांधकामाचं नवं घमेलं चालतं. तळाशी वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या असल्या तर त्या, आणि एका टोकाला भरपूर गवत. खरी गोम गवतात आहे. ससा खाता खाताच हगतो. गवत टबात असलं की तो टबात बसतो. गवत पिंजऱ्याच्या एका टोकाला आणि टब दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी करून "शिकतच नाही" म्हणणारे खूप भेटतात. मांजराच्या टबासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती मात्र वापरू नका, ती खाल्ली तर आतड्यात फुगते.

टब आपल्याला सोयीच्या जागी नाही, त्याने निवडलेल्या कोपऱ्यात. मुतानं भिजलेलं कागदाचं फडकं टबात ठेवा. बाहेरची जागा फिनेलने नाही, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसा. टब मात्र रोज घासून लख्ख करू नका, थोडा वास राहू द्या. तोवर सोफा आणि पलंग बंद, कारण मऊ जागा दिसली की त्याला तिथेच मुतावंसं वाटतं.

मूत पांढुरकं, गढूळ दिसलं तरी बहुतेक ठीक असतं, सशाच्या मुतातून कॅल्शियम बाहेर पडतं. नारिंगी-तांबूस रंगही पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. लाल ठिपके वेगळे दिसत असतील, किंवा तो कुंथत असेल, तर तपासून घ्या.

एवढं करूनही तीन ते सहा महिन्यांचा ससा भिंतीवर फवारे मारायला लागला, तुमच्या पायाभोवती गोल गोल फिरत गुरगुरायला लागला, तर तो वयात आलाय. त्यावर टबाचा नाही, नसबंदीचा उपाय.

"गुरगुरतो, अंगावर येतो"

पिंजऱ्यात हात घातला की अंगावर येणारा ससा बाहेर मोकळा असताना बहुतेक वेळा शांत असतो. ती त्याची खोली आहे आणि तुम्ही न विचारता आत शिरताय. साफसफाई तो बाहेर असताना करा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

नसबंदी न झालेल्या माद्या जास्त चिडतात. त्यातच मादी तोंडात गवताचे पुंजके घेऊन फिरायला लागली आणि छातीचे केस उपटायला लागली, तर एकतर खोटं गर्भारपण आहे किंवा खरं. "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की दुकानदाराच्या शब्दावर मी विश्वासच ठेवत नाही. दोघांना आधी वेगळं करा, मग तपासून घ्या. गर्भ साधारण एका महिन्याचा असतो आणि पिल्लं झाल्या झाल्या त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. नराची नसबंदी साधारण चार महिन्यांनंतर, मादीची पाच-सहा महिन्यांनंतर होते. मादीची तर केवळ पिल्लं नकोत म्हणून नाही, तिच्यासाठीच करा, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो.

रात्रभर जाळी चावणारा ससा वेडा नाही, कंटाळलेला आहे. त्याच्या जागेपणाच्या वेळी त्याला कोंडलेलं असतं. ब्रिटनमधली 'रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड' ही संस्था सशांच्या जोडीसाठी किमान ३ बाय २ मीटर आणि १ मीटर उंच अशी जागा सांगते. मुंबईच्या वन-बीएचकेत हे वाचून हसू येईल, पण संध्याकाळपासून रात्रीपर्यंत हॉल त्याचा केला तर एवढी जागा निघतेच. दाणा सकाळी न देता झोपायच्या आधी द्या. आणि पहाटे आवाज झाला की उठून "गप रे" म्हणायला जाऊ नका. जाळी चावली की माणूस येतो, एवढं तो एका रात्रीत शिकतो.

गवत खात नाही, गाजर मात्र खातो

कार्टूनमधल्या सशाने जेवढं नुकसान केलंय तेवढं बोक्यांनीही केलं नसेल. गाजर गोड असतं, आठवड्यातून दोन-तीनदा एखादी चकती पुरे. ताटात मुख्य पदार्थ एकच, वाळलेलं गवत, चोवीस तास, स्वतःच्या अंगाएवढा ढीग. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, समोरचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजतात ते गवत चावूनच.

बाहेरून येणारं टिमोथी गवत महाग पडतं. परवडत नसेल तर ओटचं वाळवलेलं गवत बघा, किंवा गुरांच्या चाऱ्याच्या वखारीत वाळलेलं मारवेल मिळतं का विचारा. बुरशीचा कुबट वास आला तर परत करा. ताजी हरळी सशांना मनापासून आवडते, पण रस्त्याकडेची नको, फवारणी न झालेल्या जागेची घ्या आणि ओला ढीग साचवून ठेवू नका. लसूणघास पिल्लांना चालतो, सहा महिन्यांपुढे नको, त्यात कॅल्शियम फार. कोवळी ज्वारी तर अजिबात नको, तिने गुरंसुद्धा दगावतात.

पाल्यात कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, मेथी. पालक कधीतरीच. कांदा, लसूण, बटाट्याची पानं, चॉकलेट, बिस्किट, पोळी, डाळ, काही नाही. तयार दाणा मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास पुरे. गवताकडे ढुंकून न बघणारा ससा बहुतेकदा दाण्यावरच पोट भरत असतो. दाणा थोडा थोडा कमी करा, एकदम बंद नको. आणि घरातला मनी प्लांट, गॅलरीतली कण्हेर, घाणेरी त्याच्या तोंडापासून लांब.

उन्हाळा

सशाला घाम येत नाही. उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः कानांतून. तिशीच्या वर पारा गेला की तो सुस्तावतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या चाळिशीत बंद गॅलरीत ठेवलेला ससा दुपारपर्यंत टिकणार नाही. मेमध्ये आणलेला ससा दिवसभर पसरून पडलेला दिसला की "रुळला, आराम करतोय" असा समज होतो. कान तापलेले, श्वास जोरजोरात, तोंड उघडं, लाळ गळतेय, हा आराम नव्हे. कान ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली आणा, डॉक्टरला फोन करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. एरवी बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून आडोशात ठेवली की तो तिला टेकून बसतो.

तो ससा नसेलच तर

ऊसतोडीत किंवा शेतात सापडलेलं करड्या-तपकिरी रंगाचं पिल्लू घरी आणून ते महिनोन्‌महिने माणसाळत नाही अशीही तक्रार येते. ते पाळीव सशाचं नाही, रानसशाचं पिल्लू. पाळीव सशाची पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली जन्मतात आणि बिळात वाढतात. रानसशाचं पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावरच जन्मतं. आई त्याला सोडून गेलेली नसते, दिवसा लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. सापडलं तिथेच, आडोशाला ठेवून द्या. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते पाळणं गुन्हा आहे, आणि ते घरात रुळणारही नाही.

"एकटा आहे म्हणून तर नाही ना? दुसरा आणू?"

ससा कळपातला प्राणी, जोडीत सुखी असतो हे खरं. पण पहिला अजून गवत नीट खात नसताना दुसरा आणणं म्हणजे एका भेदरलेल्या सशाचे दोन करणं. आधी हा रुळू द्या. धावता धावता हवेत उडी मारून अंग पिळायला लागला, मध्येच धपकन कुशीवर पडून झोपायला लागला, तुमच्या समोर बसून पाठ चाटायला लागला की मग विचार करा. दोघांची नसबंदी झालेली हवी, आणि नराची झाल्यावरही चार ते सहा आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवायचं, तेवढ्या काळात तो पिल्लं देऊ शकतो. नवा आला की पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, खरूज-बुरशी आहे का ते बघायला. मग जाळीच्या दोन बाजूंना, रोज एकमेकांचे टब अदलाबदल करत. पहिली समोरासमोर भेट दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागी, बहुतेक घरांत ती बाथरूमच असते. खाली सतरंजी, मध्ये गवताचा ढीग आणि तुमच्या हातात जाड टॉवेल, भांडण जुंपलं तर मध्ये घालायला. हात घालू नका.